माळावरील पाहुण्यांची शिरगणती

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्याला वाटेत पाटस लागते. साखर कारखाना आणि रेल्वे स्टेशन यांमुळे हे नाव पुष्कळांना ठाऊक असते. कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊसही दिसतो. पण कालवा जेथे पोहोचला नाही तेथले उघडे माळरान कोणाच्या खिजगणतीत नसते. पावसाळा सरून माळावरचे कुसळी गवत पिवळे पडू लागले, म्हणजे नवरात्र-दिवाळीच्या सुमारास, दौंड-बारामतीकडील अशा माळांवर दूरदेशचे पाहुणे उतरू लागतात. भोवत्या म्हणतात ते हे शिकारी पक्षी. उन्हाळ्यात ते मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत पिले वाढवतात, थंडीसाठी आपल्याकडे येतात, आणि फाल्गुन-चैत्रात परत फिरतात. व्याख्यानमालेचा मांडव उभा राहतो तोवर आमचे हे पाहुणे निघून गेलेले असतात.

हे पक्षी मोजावेत, असे आमचे सांगणे आहे. कोणी विचारील, पाखरे मोजून काय साधणार? याचे उत्तर गिधाडांनी दिले आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी 1980 च्या दशकात गिधाडांची मोजदाद केली होती. 1990 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनीच पुन्हा मोजले, तेव्हा शंभरांतील पाचही उरली नसल्याचे दिसले. जुना आकडा हाती होता म्हणूनच या नाशाचे माप कळले. मग शोध सुरू झाला, आणि गुरांना देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे 2004 मध्ये सिद्ध झाले. 2006 मध्ये आपल्या सरकारने जनावरांसाठी त्याचा वापर बंद केला. पहिली मोजदादच नसती तर? ‘पूर्वी गिधाडे पुष्कळ दिसत’ एवढ्या आठवणीवर कोणते औषध बंद झाले असते?

आता मोजायचे कसे, ते पाहू. गरुडासारखे रुंद पंखांचे पक्षी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने तरंगत जातात. समुद्रावर अशी हवा मिळत नाही, म्हणून ते समुद्र टाळतात आणि चिंचोळ्या वाटेत दाटी करतात. जॉर्जियातील बाटुमी हे काळा समुद्र व डोंगर यांच्या मधले गाव. तेथे शरद ऋतूत दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी डोक्यावरून जातात आणि माणसे टेकडीवर बसून ते मोजतात. पाटसच्या सपाटीवर अशी वाट नाही. शिवाय भोवत्या पंख मारीतही लांबचा पल्ला गाठतो, त्यामुळे तो आभाळभर विखरून येतो.

पण त्याची एक सवय आपल्या उपयोगी पडते. दिवसभर एकेकटा हिंडणारा हा पक्षी रात्री आपल्या सोबत्यांसह गवतात, जमिनीवरच मुक्काम करतो. या जागेला रातथारा म्हणतात. गुजरातेत भावनगरजवळ वेळावदर येथे असा जगप्रसिद्ध रातथारा आहे. मोजणाऱ्यांनी सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधी रातथाऱ्यापासून दूर बसावे, गवतात पाऊल टाकू नये. दिशा वाटून घ्याव्यात. उतरले ते मांडावेत, उठून गेले ते वजा करावेत. अंधार पडेपर्यंत हे चालू ठेवावे. नर ओळखणे त्यामानाने सोपे: माँटेग्यूच्या भोवत्याच्या करड्या पंखावर काळी रेघ असते, पांढुरक्या भोवत्याच्या पंखाच्या टोकाला पाचरीसारखा काळा डाग. या दोन जातींच्या माद्या व पिले मात्र तपकिरी आणि सारखीच दिसतात. तेथे अंदाज न करता ‘जात निश्चित नाही’ असे लिहावे. एकही पक्षी न आला तर शून्य मांडावे. शून्य हाही आकडाच आहे.

एका संध्याकाळच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. त्या वर्षी पाऊस कसा झाला, टोळ-नाकतोडे किती झाले, यांवर पाहुण्यांची संख्या हलते. तीच जागा, तोच पंधरवडा, तीच रीत, अशी दहा-वीस वर्षे गेली म्हणजे मग आकडे बोलू लागतात. भारतातील अनेक रातथाऱ्यांवर भोवत्यांची संख्या घटल्याचे अशाच मोजण्यांतून दिसून आले आहे.

या घटीशी आपल्या माळाचा थेट संबंध येतो. आपण माळाला पडीक म्हणतो. पडीक म्हटले की कोणी तो नांगरतो, कोणी त्यातला मुरूम उपसतो, आणि कोणी सद्‌हेतूने का होईना, खड्डे खणून झाडे लावतो. भोवत्याला झाड नको, उंच गवत हवे. ज्या गवतात तो रात्र काढतो त्याच्याच आसपास तो नाकतोडे, सरडे, उंदीर टिपतो. म्हणजे शेतकऱ्याचे एक कामही करून जातो. पाटसजवळच सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये झाले, पण ते पाच चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. भोवत्या एका दिवसात याहून कितीतरी अधिक माळ पालथा घालतो. त्याचा संसार अभयारण्याच्या हद्दीबाहेर, धनगरांची मेंढरे चरतात त्या गायरानांवरच चालतो.

सातबाऱ्यावर माळाचे पीक लिहिले जात नाही. तेथे किती पाहुणे मुक्कामाला असतात, हे तरी वहीत असू द्या. उद्या त्या माळाचे काय करावे हा प्रश्न गावापुढे आला, तर दहा वर्षांची ती वही पुढे ठेवता येईल. वही, पेन्सिल, साधी दुर्बीण आणि संध्याकाळचे दोन तास, एवढाच याचा खर्च. नवरात्राला अजून अवकाश आहे. चार-पाच जणांनी एकत्र यावे, एक माळ निवडावा आणि पहिला आकडा मांडावा.