खोटे, दुर्गा

खोटे, दुर्गा : (१४ जानेवारी १९०५–२२ सप्टेंबर १९९१). मराठी व हिंदी बोलपटांतील आणि मराठी रंगभूमीवरील ख्यातनाम अभिनेत्री. त्यांचा जन्म मुंबई येथे लाड या मूळच्या गोव्याकडील, घरी कोकणी बोलणाऱ्या सारस्वत कुटुंबात झाला. वडील पांडुरंगराव लाड हे मुंबईतील सॉलिसिटर. आईचे नाव मंजुळाबाई. घर सुखवस्तू व इंग्रजी शिक्षणाचे संस्कार असलेले. कॅथीड्रल हायस्कूल व पुढे सेंट झेवियर महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. तरुण वयातच विश्वनाथ खोटे या अभियंत्याशी त्यांचा विवाह झाला. बकुल व हरीन हे त्यांचे दोन मुलगे. विवाहानंतर काही वर्षांतच खोटे कुटुंबाची सांपत्तिक स्थिती ढासळली आणि सधन घरातील या सुनेपुढे अर्थार्जनाचा प्रश्न उभा राहिला. पुढे पतीच्या अकाली निधनाने मुलांची सर्व जबाबदारीही त्यांच्यावर आली. त्यांच्या चित्रपटप्रवेशामागे कलेची हौस नव्हती, निर्वाहाची निकड होती, ही गोष्ट ध्यानी ठेवल्याशिवाय पुढील वाटचालीचे मर्म नीट उलगडत नाही.

चित्रपटात काम करणे हे त्या काळी कुलीन स्त्रीला अशोभनीय समजले जाई. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती. पुढे कमलाबाई गोखले व त्यांच्या मातोश्री दुर्गाबाई कामत या पडद्यावर आल्या, तरी मूकपटांच्या काळात नायिका बव्हंशी गायिका–नर्तकींच्या घराण्यांतून किंवा ज्यू व अँग्लो–इंडियन समाजांतून येत. दुर्गाबाईंनी प्रथम काम केले ते मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ (१९३१) या चित्रपटात. भूमिका किरकोळ होती आणि चित्रपट सामान्य; परंतु एका प्रतिष्ठित घरातील विवाहित स्त्री पडद्यावर आली एवढ्यावरून गहजब झाला. टीका झाली ती अभिनयावर नव्हे, घराण्यावर. त्यांचे चित्रपटजीवन येथेच संपले असते, तर त्यात नवल नव्हते.

तसे झाले नाही, याचे श्रेय कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीकडे जाते. बोलपट आल्यामुळे कंपन्यांची गरज पालटली होती. मूकपटात नुसती मुद्रा पुरत असे. आता स्वच्छ उच्चार, पाठांतर आणि स्वतःच्या गळ्याने गाणे आवश्यक झाले. पार्श्वगायनाची सोय नव्हती. गाणे चित्रणाबरोबरच मुद्रित करावे लागे. शिवाय एकच चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत, त्याच नेपथ्यावर, लागोपाठ चित्रित करण्याची रीत पडली होती. व्ही. शांताराम यांनी ‘अयोध्येचा राजा’ (१९३२, हिंदी ‘अयोध्या का राजा’) या चित्रपटात तारामतीच्या भूमिकेसाठी दुर्गाबाईंची निवड केली. हरिश्चंद्राची भूमिका व संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. फाळक्यांना जी भूमिका करायला स्त्री मिळाली नव्हती, तीच एकोणीस वर्षांनी महाविद्यालयात शिकलेल्या एका गृहिणीने केली. दुर्गाबाईंचा गळा मैफलीच्या गायिकेचा नव्हता. परंतु त्यांचा उंच बांधा, खणखणीत व संथ वाणी आणि मुद्रेवरचा जन्मजात वाटावा असा रुबाब यांमुळे राज्य गमावलेली राणी विश्वसनीय झाली. मराठीतील पहिला बोलपट म्हणून हा चित्रपट मानला जातो आणि उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय बोलपटांत त्याची गणना होते. त्याच्या यशाने आधीचा लोकापवाद पुष्कळसा पुसला गेला. शांता आपटे, शोभना समर्थ, लीला चिटणीस, वनमाला अशा ज्या अभिनेत्री नंतर आल्या, त्यांची वाट त्यामुळे काहीशी सुकर झाली. मात्र येथे एक तारतम्य बाळगले पाहिजे : ‘कुलीन स्त्रीने पडदा पवित्र केला’ असे जे पुढे वारंवार म्हटले गेले, त्यात आधीच्या अभिनेत्रींच्या कर्तृत्वाची नकळत उपेक्षा होते.

‘प्रभात’च्याच ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) या चित्रपटात त्यांनी स्त्रीराज्याच्या राणीची भूमिका केली. तीत त्यांच्यासोबत पाळीव चित्ता दाखविला आहे. त्या काळी बहुतेक नटनट्या मासिक पगारावर एकाच कंपनीत बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनी ही बांधिलकी पत्करली नाही. चित्रपटागणिक करार करून त्या कोल्हापूर, कलकत्ता, पुणे व मुंबई येथे काम करीत राहिल्या. मुलांचा सांभाळ करणाऱ्या स्त्रीने असे स्वतंत्र राहणे हे धाडसच होते; पण त्यामुळेच त्यांना निरनिराळ्या दिग्दर्शकांच्या हाताखाली काम करता आले. कलकत्त्यास देवकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’ (१९३३), ‘सीता’ (१९३४) व ‘इन्किलाब’ (१९३५) या चित्रपटांत त्या पृथ्वीराज कपूर यांच्यासह चमकल्या. यांपैकी ‘सीता’ हा व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय चित्रपटमहोत्सवात दाखविला गेलेला आरंभीचा भारतीय बोलपट होय.

त्यांच्या आरंभीच्या भूमिकांत सर्वांत वेगळी व आजही लक्षणीय वाटणारी भूमिका म्हणजे शांताराम दिग्दर्शित ‘अमर ज्योती’ (१९३६) या हिंदी चित्रपटातील सौदामिनी. राज्याचा कायदा मातेला तिच्या मुलाचा ताबा नाकारतो, न्याय मागणाऱ्या सौदामिनीची अवहेलना होते आणि ती समुद्रावरील लुटारूंची नायिका होऊन सूड घेते. कथानक अद्‌भुतरम्य आहे. समुद्र, जहाजे व लढाया यांची रेलचेल आहे. परंतु स्त्रीला कायद्याने व्यक्ती मानायचे की मालमत्ता, हा त्यातील प्रश्न मुळीच काल्पनिक नव्हता. दुर्गाबाईंनी सौदामिनीचा संताप आक्रस्ताळा होऊ दिला नाही, आणि तिच्यातील आईही झाकली नाही. या काळात चित्रपटनिर्मितीतही त्यांनी भाग घेतला; ‘साथी’ (मराठी ‘सवंगडी’) हा चित्रपट त्यातून निघाला. निर्मितीच्या क्षेत्रात उतरलेल्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांत त्यामुळे त्यांची गणना होते.

१९४० नंतर त्यांच्या भूमिकांनी वळण घेतले. आचार्य अत्रे यांची कथा असलेल्या ‘पायाची दासी’ (१९४१, हिंदी ‘चरणों की दासी’) या चित्रपटात त्यांनी सुनेचा छळ करणारी सासू रंगविली, विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’ (१९४२) मध्ये त्या कैकेयी झाल्या. सीता म्हणून लोकप्रिय झालेल्या अभिनेत्रीने आठ वर्षांनी कैकेयीची भूमिका स्वीकारावी, ही त्या काळच्या रिवाजाबाहेरची गोष्ट होती. या दोन्ही भूमिकांसाठी बंगाल चित्रपट पत्रकार संघाने त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचे पुरस्कार दिले. सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वीवल्लभ’ (१९४३) मधील मृणालवती ही त्यांची आणखी एक प्रभावी भूमिका. बंदिवान राजा मुंजाचा मानभंग करू पाहणारी, वैराग्याचा अभिमान बाळगणारी ही राजभगिनी अखेर त्याच्याच प्रेमात पडते. संवादप्रधान, काहीशा नाटकी अशा या चित्रपटात मोदींच्या भरदार वाणीपुढे तोलून धरणारी वाणी दुर्गाबाईंचीच होती.

पुढील तीन दशकांत त्यांना मुख्यत्वे आई, आजी व राजमाता यांच्या भूमिका मिळाल्या. के. आसिफ यांच्या ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) मध्ये त्यांनी पती व पुत्र यांच्या वैरात सापडलेली जोधाबाई साकार केली; अकबर होते पूर्वी त्यांच्याबरोबर नायक म्हणून काम केलेले पृथ्वीराज कपूरच. मात्र हिंदी चित्रपटाने त्यांच्या भारदस्तपणाचा उपयोग जितका केला, तितका त्यांच्या विनोदबुद्धीचा केला नाही. ती पाहावयाची असल्यास जेम्स आयव्हरी यांचा ‘द हाउसहोल्डर’ (१९६३) व राज कपूर यांचा ‘बॉबी’ (१९७३) हे चित्रपट पाहावेत. पहिल्यात त्या सुनेला नकोशी झालेली सासू, तर दुसऱ्यात मिसेस ब्रगांझा ही गोमंतकीय ख्रिस्ती आजी झाल्या आहेत. ‘बिदाई’ (१९७४) मधील आईच्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. ‘बावर्ची’ (१९७२), ‘अभिमान’ (१९७३), ‘खुशबू’ (१९७५) व ‘कर्ज’ (१९८०) हे त्यांचे उत्तरकालीन अन्य चित्रपट.

पडद्याने ज्या वयात त्यांना केवळ मातृत्वाच्या भूमिका दिल्या, त्याच वयात रंगभूमीने त्यांना महत्त्वाकांक्षी स्त्रिया दिल्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यप्रयोगांत त्यांनी खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई आणि वि. वा. शिरवाडकर यांनी ‘मॅक्बेथ’वरून रचलेल्या ‘राजमुकुट’ मधील नायिका या भूमिका नानासाहेब फाटक यांच्यासमवेत केल्या. फाटकांचा अभिनय भव्य व आवेगयुक्त, दुर्गाबाईंचा संयत. या दोहोंच्या विरोधातून ही नाटके रंगत. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनशीही (इप्टा) त्यांचा संबंध होता. प्रसिद्ध नाट्यदिग्दर्शिका विजया मेहता या त्यांचे चिरंजीव हरीन यांच्या पत्नी. हरीन यांच्या अकाली निधनाचे दुःखही दुर्गाबाईंना सोसावे लागले. अभिनेत्री शुभा खोटे व अभिनेते विजू खोटे हे त्यांचे दीर नंदू खोटे यांचे अपत्य होत.

अभिनयाबरोबरच लघुपट, अनुबोधपट व जाहिरातपट यांच्या निर्मितीचा व्यवसाय त्यांनी दीर्घकाळ केला. आर्. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाच्या कल्पनेवर आधारित, कुंदन शाह दिग्दर्शित ‘वागले की दुनिया’ (१९८८) ही दूरदर्शनवरील लोकप्रिय मालिका त्यांच्याच संस्थेची निर्मिती होय.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९५८), पद्मश्री (१९६८) व चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च असा दादासाहेब फाळके पुरस्कार (१९८३) हे सन्मान त्यांना लाभले. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मचरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. शांता गोखले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००६ मध्ये निघाला. पैशाची चणचण, लोकनिंदा व कौटुंबिक आघात यांविषयी त्यांनी त्यात आत्मगौरव टाळून लिहिले आहे. मराठी चित्रपटसृष्टीच्या आरंभकाळाचे साधन म्हणूनही तो ग्रंथ महत्त्वाचा आहे.