जुनी करिझ्मा की जुनी टू-ट्वेंटी?

नांदेड आणि लातूर यांच्यात रस्त्याने सुमारे 140 किलोमीटरचं अंतर आहे. रेल्वेने जायचं म्हटलं तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा भलामोठा वळसा पडतो. लोहा-अहमदपूरमार्गे थेट रूळ टाका ही मागणी खूप जुनी आहे. त्यामुळे या दोन जिल्ह्यांतलं येणंजाणं एसटीवर नाहीतर स्वतःच्या गाडीवर चालतं. लातूरला शिकवणीसाठी राहिलेलं भावंड, नांदेडचा दवाखाना, मार्केट यार्डातली कामं, मधल्या गावातली शेती, यांसाठी महिन्यातून चार-सहा वेळा हा रस्ता तुडवणारी माणसं दोन्हीकडे आहेत. शंभर-सव्वाशे सीसीची गाडी शेताला आणि बाजाराला पुरते. पण एका दिवसात 140 जाऊन 140 परत यायचं, मधूनच देगलूरमार्गे हैदराबाद किंवा तुळजापूरमार्गे सोलापूर गाठायचं, तेव्हा त्या गाडीचं इंजिनही थकतं आणि माणसाची पाठही. नवी मोठी गाडी परवडत नाही. मग जुन्या बाजारात चौकशी सुरू होते आणि ती बहुतेक वेळा दोन नावांशी येऊन थांबते: हिरो होंडाची करिझ्मा आणि बजाजची पल्सर 220, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची टू-ट्वेंटी.

या दोघींना ‘स्पोर्ट टूरिंग’ म्हणणं बाहेरच्या जगात कुणाला पटणार नाही. तिकडे हा शब्द यामाहाच्या एफजेआर 1300 सारख्या गाड्यांसाठी वापरतात: 1298 सीसी, चार सिलिंडर, अडीचशे किलोहून जास्त वजन. पण कल्पना तीच आहे. वेगाने आणि लांब जायचं, आणि पोचल्यावर माणूस काम करण्याच्या स्थितीत असायला हवा. यात पुढच्या फेअरिंगचं काम दिसतं त्याहून मोठं असतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 60 ऐवजी 90 ने गेलं की छातीवरचा रेटा दीडपट नव्हे, सव्वादोन पट होतो. तो रेटा गाडीने अंगावर घेतला तर खांदे आणि मनगटं वाचतात. 2003 मध्ये आलेल्या करिझ्माने सामान्य भारतीय ग्राहकाला ही सोय पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिली. 2007 मध्ये फ्युएल इंजेक्शनची पल्सर 220 आली. 2009 मध्ये बजाजने ते इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवला, आणि ताकद कमी होण्याऐवजी थोडी वाढून 21 पीएसवर गेली. रस्त्यांवर ज्या टू-ट्वेंटी दिसतात त्यांतल्या बहुतेक याच वंशातल्या.

दोन्ही इंजिनांचा स्वभाव त्यांच्या मापांत लिहिलेला आहे. करिझ्माचा बोअर 65.5 मिलिमीटर आणि स्ट्रोक 66.2, म्हणजे पिस्टनचा प्रवास त्याच्या रुंदीपेक्षा किंचित लांब. पल्सरचा बोअर 67 आणि स्ट्रोक 62.4, म्हणजे पिस्टन रुंद आणि प्रवास आखूड. एक 223 सीसी, दुसरी 220. क्षमतेत फरक नसल्यातच जमा, पण करिझ्मा आपली जेमतेम 17 पीएस ताकद 7000 आरपीएमला देते आणि पल्सर आपली 21 पीएस 8500 ला. करिझ्माचं इंजिन होंडाच्या कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीच्या घराण्यातलं. त्याच्याकडून कमी काम मागितलेलं आहे, म्हणून ते थंड डोक्याने, थरथर न करता, तासन्‌तास एका लयीत चालतं. टू-ट्वेंटीला आरपीएम वर नेल्याशिवाय तिची खरी ताकद मिळत नाही, आणि तिथे हँडलला आणि पायदानाला झिणझिण्या जाणवतात. निव्वळ लांबच्या प्रवासाचं इंजिन म्हणून पाहिलं तर करिझ्मा सरस आहे. मी हे आधीच कबूल करतो, कारण तरीही माझं मत टू-ट्वेंटीच्या बाजूने आहे आणि त्याची कारणं इंजिनाच्या बाहेरची आहेत.

पहिलं कारण रस्ता. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत पुढे यवतमाळ-वर्ध्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 361 आता रुंद झाला आहे. त्यावर वेग आपोआप वाढतो, आणि प्रश्न धावण्याऐवजी थांबण्याचा होतो. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू झाले की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री याच रस्त्यावर असतात. अनेकांच्या मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरवर चिखल असतो, आणि ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. मोठ्या रस्त्यालाच लागलेल्या गावांतून बैलगाड्या आणि जनावरं आडवी येतात ती वेगळीच. अशा वेळी गाडीचा दिवा किती लांबवर दाखवतो आणि ब्रेक किती अंतरात थांबवतो, यावर जीव अवलंबून असतो. टू-ट्वेंटीला प्रोजेक्टर हेडलाइट आहे आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. जुन्या करिझ्माला आणि 2007 च्या करिझ्मा आरला मागे ड्रम आहे. 2019 च्या सुरुवातीपासून आलेल्या टू-ट्वेंटीला पुढच्या चाकाचं एबीएसही आहे, कारण 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला ते सक्तीचं झालं. करिझ्मा तोवर बाजारातून जवळजवळ गेलेली होती. एबीएस असेल तर ओल्या रस्त्यावर ट्रॉली अचानक दिसली आणि पुढचा ब्रेक घाबरून पूर्ण दाबला, तरी चाक जाम न होता गाडी हातात राहते. इंजिनाच्या मऊपणाची भरपाई याने होते का? माझ्या मते पुरेपूर होते.

रस्त्याबद्दल करिझ्माच्या बाजूनेही एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा खालीवर होतो. महामार्ग सोडून कंधार, उदगीर, किनवटकडच्या आतल्या रस्त्यांना लागलं की हे लगेच कळतं. करिझ्माची चाकं 18 इंची, टू-ट्वेंटीची 17 इंची. मोठं चाक खड्ड्यावरून जरा सहज निघतं, आणि करिझ्माचं बसणंही पाठीला कमी छळतं. ज्याचा बहुतेक प्रवास आतल्या रस्त्यांवरचा आहे, त्याने हा मुद्दा माझ्यापेक्षा जास्त जड धरायला हरकत नाही.

दुसरं कारण सुट्या भागांचं, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत ते मला सर्वांत निर्णायक वाटतं. जुनी गाडी विकत घेणारा खरं तर तिची पुढची पाच वर्षांची दुरुस्ती विकत घेत असतो. डिसेंबर 2010 मध्ये हिरो आणि होंडा वेगळे झाले. होंडाच्या घराण्यातलं इंजिन हिरोकडे राहिलं, पण 2014 च्या नव्या करिझ्मा झेडएमआरसाठी हिरोने अमेरिकेतल्या एरिक ब्युएल रेसिंगची मदत घेतली, आणि ती कंपनी 2015 मध्येच दिवाळखोरीत गेली. त्यामुळे झेडएमआरच्या दोन पिढ्या आहेत, 2009 ची आणि 2014 ची, आणि एकीचं फेअरिंग दुसरीला बसत नाही. त्याआधीच्या अर्ध्या फेअरिंगच्या करिझ्मा आणि करिझ्मा आर पुन्हा वेगळ्याच. एकच नाव असलं तरी दुरुस्तीच्या दुकानात गाड्या तीन-चार आहेत, आणि सगळ्यांचं उत्पादन थांबलेलं आहे. 2023 मध्ये करिझ्मा एक्सएमआर आली खरी, पण तिचं 210 सीसीचं लिक्विड कूल्ड इंजिन पूर्ण वेगळं आहे. जुनीला त्यातला एक नटही उपयोगी नाही. उलट टू-ट्वेंटी 2009 पासून 2022 पर्यंत जवळपास त्याच रूपात बनत राहिली, मध्ये बंद झाली आणि 2023 मध्ये पुन्हा आली. तिचंच इंजिन थोडं मवाळ करून बजाजने अॅव्हेंजर 220 ला दिलं. म्हणून क्लच प्लेट, बोअर-पिस्टन, टायमिंग चेन, ऑइल सील हे भाग फक्त एका गाडीच्या गिऱ्हाइकांवर जगत नाहीत. अहमदपूरच्या किंवा देगलूरच्या फिटरने पल्सरचं इंजिन कितीतरी वेळा खोललेलं असतं. झेडएमआरचं इंजेक्शन बिघडलं तर त्याच फिटरला तुम्हाला नांदेडला पाठवावं लागतं, आणि नांदेडलाही तो भाग असेलच असं नाही.

बजाजचा कारखाना 1985 पासून मराठवाड्यात वाळूजला आहे, म्हणून पल्सर आपली, असाही एक भावनेचा मुद्दा गप्पांत येतो. मी तो हिशेबात धरलेला नाही. पार्ट दुकानात मिळतो की नाही, एवढंच धरलं आहे.

तिसरं कारण कागदांचं. खाजगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2009-10 ची करिझ्मा आर किंवा पहिली झेडएमआर आज त्या मुदतीच्या पलीकडे गेलेली आहे. तिची आरटीओत तपासणी करून फेरनोंदणी करावी लागते, त्याचं शुल्क एप्रिल 2022 पासून 300 वरून 1000 रुपये झालं आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. विकणारा ‘पासिंग तेवढं करून घ्या’ असं सहज म्हणतो, पण ज्या कारणामुळे त्याने स्वतः ते केलेलं नाही ते कारण बहुधा गाडीतच असतं: धूर, चेसिसचा पुसट नंबर, थकलेले दंड. 1 एप्रिल 2019 नंतरच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट मुळातूनच लागलेली असते. त्याआधीच्या गाडीला ती वेगळी बसवावी लागते. हे खर्च एकेकटे लहान दिसतात, पण स्वस्तात मिळालेल्या करिझ्माचा स्वस्तपणा तेच खाऊन टाकतात.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा की टू-ट्वेंटी तरुण पोरांनी पिळून काढलेली असते. फटाके फोडणारा सायलेन्सर, पुढचं चाक उचलण्याचे खेळ, वेळेवर न बदललेलं ऑइल. करिझ्मा मात्र ज्यांच्याकडे अजून आहे ते तिला जीवापाड जपतात. यात तथ्य आहे. म्हणूनच चांगल्या माणसाची, कागद पूर्ण असलेली, जादा पार्ट घरात साठवलेली करिझ्मा आर मिळाली आणि घेणाऱ्याला स्वतः पाना हातात घ्यायची हौस असली, तर तिला नाही म्हणू नये. पण तो अपवाद झाला. गावोगावी मिळणाऱ्या सर्वसाधारण गाड्यांत निवड करायची तर वाईट वापरलेली टू-ट्वेंटी ओळखता येते आणि दुरुस्तही करता येते. उत्तम जपलेल्या करिझ्माचं फेअरिंग एका पडण्यात फुटलं तर मालकाचं प्रेम ते परत आणू शकत नाही. दुसरा आक्षेप उन्हाचा: मे महिन्यात नांदेडला पारा 42-43 अंशांवर असताना जास्त आरपीएमचं इंजिन टिकेल का? टू-ट्वेंटीला ऑइल कूलर आहे, आणि ऑइल वेळेवर बदललं तर तो आपलं काम करतो. जुनी करिझ्मा आणि करिझ्मा आर यांना तो नाही. तिसरा प्रश्न डोमिनार 400 चा. ती दोघींपेक्षाही लायक आहे, पण 373 सीसी, 180 किलोच्या वर वजन, टायर आणि चेन-स्प्रॉकेटचा खर्च वेगळा. ज्याचं बजेट करिझ्माइतकं आहे त्याची निवड तिच्यापाशी पोचतच नाही.

राहिला प्रश्न कोणत्या सालाची टू-ट्वेंटी घ्यायची, आणि इथे कालखंड नेमका सांगता येतो. एप्रिल 2020 पासून बीएस-6 च्या नियमांमुळे तिला पुन्हा इंजेक्शन आलं. 2019 च्या सुरुवातीला एबीएस आलं. म्हणजे एप्रिल 2019 ते मार्च 2020 या एकाच वर्षातल्या गाडीत एबीएस, सुरक्षा नंबरप्लेट आणि कुठल्याही तालुक्याच्या फिटरला कळणारा कार्बोरेटर हे तिन्ही एकत्र मिळतात, आणि नोंदणी 2034-35 पर्यंत चालते. उणीव एकच. देशभर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यातलं काही आपल्याच मांजरा काठच्या उसाचं; जुन्या कार्बोरेटरचे रबरी भाग आणि पेट्रोलची नळी त्याने कडक होतात, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर जेट चोकअप होतात. हे भाग स्वस्त आहेत. गाडी घेतल्याच्या आठवड्यातच बदलून टाकावेत.

नांदेड-लातूर रस्त्यावरच लोह्याजवळ माळेगावची यात्रा भरते. तिथे घोडा घेणारा आधी त्याचे दात बघतो, मग पायात लंगडेपणा आहे का ते चालवून बघतो. टू-ट्वेंटीचंही तसंच. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना जावं. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावं. तिला किक नाही, म्हणून पहिल्या सेल्फला उचलते का हे बॅटरी आणि स्टार्टर या दोघांची परीक्षा आहे. सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात डाव्या बाजूने टायमिंग चेनची खडखड येते का ते ऐकावं. ऑइल कूलरच्या नळ्यांच्या जोडांवर बोट फिरवावं. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाची रेघ आहे का ते बघावं. फेअरिंगच्या आतले ब्रॅकेट वेल्डिंग केलेले असतील किंवा हँडल सरळ धरूनही चाक एका बाजूला दिसत असेल, तर गाडी समोरून आदळलेली आहे. मग मीटरवर किलोमीटर कितीही कमी असोत, परत फिरावं. सौदा पटला तर फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याची सही समोरच घ्यावी आणि आरटीओत नाव चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. एकाच राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचं असतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की अपघाताची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. विम्यावरही 14 दिवसांत नाव बदलायला अर्ज द्यावा लागतो. आणि हे सगळं होण्याआधी एकदा, दिवस मावळल्यावर, हेडलाइट लावून गाडी लोह्याच्या बाजूला दहा किलोमीटर न्यावी आणि ऊस भरलेली ट्रॉली किती अंतरावरून दिसते ते पाहावं.