उतारावरची वाघीण

मालगाडी धडधडत फलाटावरून जाते तेव्हा टाकीच्या वाघिणींवर एक सूचना दिसते : ‘नॉट टू बी लूज शंटेड’. लहानपणापासून ती वाचत आलो, अर्थ कळायला मात्र बरीच वर्षं गेली. वाघीण मोकळी सोडून द्यायची, तिने घरंगळत जाऊन पुढच्या वाघिणीला भिडायचं, अशी शंटिंगची एक रीत आहे. ज्वालाग्राही मालाच्या बाबतीत तिला मनाई, एवढाच त्या सूचनेचा अर्थ.

ही रीत जगात सगळ्यांत मोठ्या पसाऱ्यावर पाहायची तर अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, नॉर्थ प्लॅट गावच्या बेली यार्डात. क्षेत्र २,८५० एकर, लांबी तेरा किलोमीटर. दादरहून निघालात तर घाटकोपर मागे पडेल, तरी यार्ड संपणार नाही. युनियन पॅसिफिक कंपनीने पश्चिमेकडे रूळ टाकत नेताना १८६६ मध्ये हे गाव वसवलं. पहिला हंप, म्हणजे रुळांखालचा मुद्दाम उभारलेला उंचवटा, १९४८ चा. पूर्वेकडे जाणाऱ्या मालाचा आजचा हंप १९६८ चा, चौतीस फूट उंच. पश्चिमेचा १९८० चा, वीस फूट. यार्डाला नाव मिळालं ते कंपनीचे अध्यक्ष एड बेली यांचं.

काम कसं चालतं? आलेल्या गाडीचं इंजिन सुटतं. दुसरं इंजिन मागून तिला चढावर रेटतं, माणूस चालेल त्याहूनही सावकाश. माथ्यावर एक कामगार कपलिंगची खीळ ओढतो आणि वाघीण एकटी होते. क्षणभर ती माथ्यावर रेंगाळल्यासारखी वाटते, मग उताराला लागते. पुढे ना इंजिन, ना चालक. संगणकाने तिचं मुक्कामाचं ठिकाण आधीच पाहिलेलं असतं, त्याप्रमाणे खालचे सांधे फिरतात. रुळांना लागून बसवलेले पोलादी जबडे चाकं दाबून तिचा वेग आवरतात, तेव्हा कानठळ्या बसवणारी किंकाळी उठते. भरलेली वाघीण जोरात सुटते, रिकामी रखडते. वारा समोरून असेल तर आणखीच रखडते. हा हिशेब प्रत्येक वाघिणीला वेगळा करावा लागतो. खाली ११४ रूळ हाताच्या बोटांसारखे फाकलेले. ज्या रुळावर जायचं तिथे जाऊन ती आधीच्या वाघिणीला भिडते, कपलिंग आपसूक अडकतं. असं मिनिटाला चार वाघिणींपर्यंत चालतं. एकाच गावच्या वाघिणी एका रुळावर जमल्या की नवी गाडी तयार.

   

बेलीतून जाणाऱ्या सगळ्याच गाड्या हंपवर चढत नाहीत. वायोमिंगच्या खाणींतून कोळसा घेऊन येणारी गाडी इथे तेल भरते, तपासून घेते आणि अखंडच पुढे निघते. आपल्याकडे रेल्वेने १९८० च्या दशकात हीच पद्धत सर्रास स्वीकारली : माल भरायचा तर पूर्ण रेक, म्हणजे अख्खी गाडीच भरा, कोळशाच्या गाडीला साधारण ५८ वाघिणी, आणि मुक्कामाला सरळ सोडा. वाघिणी यार्डात अडकून पडायच्या थांबल्या, गाड्यांचा फेरा लवकर पुरा होऊ लागला, हे खरंच. मुघलसरायसारख्या अवाढव्य यार्डांचं पूर्वीचं महत्त्व मात्र ओसरलं.

त्यात एक माणूस मागे राहिला. एकच वाघीण भरेल एवढा माल असलेला व्यापारी. त्याला अख्खा रेक कुठून परवडणार? तो ट्रककडे वळला आणि पुन्हा रेल्वेकडे आला नाही. आपल्या हमरस्त्यांवर रात्रंदिवस लागलेल्या ट्रकच्या रांगांचं एक कारण मला या सुटलेल्या वाघिणीत दिसतं. अमेरिकेतही काही कंपन्यांनी हंप मोडायला घेतले. सीएसएक्सने २०१७ मध्ये एकामागून एक बंद केले.

बेलीचा हंप सुरू आहे. यार्डाच्या काठी २००८ मध्ये उभारलेल्या आठ मजली गोल्डन स्पाइक मनोऱ्यावरून तो दिसतो : एका वेळी एक वाघीण उतारावरून खाली येते, सांधे ओलांडते आणि आपल्या रुळाला लागते.