टाकीत उतरण्यापूर्वी हवा मोजा

सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला कामगार कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उडी घेतो आणि दोघेही दगावतात. अशा दुर्घटनांचा हा नेहमीचा क्रम आहे.

कुजलेला गाळ ढवळताच हायड्रोजन सल्फाइड सुटतो. आधी सडक्या अंड्यांसारखा येणारा वास प्रमाण वाढल्यावर येईनासा होतो. वायू ओसरलेला नसतो. घ्राणशक्ती बधिर झालेली असते. म्हणूनच ‘वास गेला, आता उतरा’ हा अनुभवी मुकादमाचा सल्ला सर्वांत घातक. प्राणवायू 19.5 टक्क्यांखाली गेल्याचेही मापकाविना कळत नाही.

1948च्या कारखाने अधिनियमातील कलम 36 ने यासाठी वायू काढून टाकण्याचे उपाय सक्तीचे केले. शिवाय चाचणीनंतरचे लेखी प्रमाणपत्र, अन्यथा श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला कमरपट्टा. त्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती हवे. त्याने आत न उतरता ओढायचे असते.