पेंग्विनलाही गोचीड लागतात

ध्रुवांकडच्या थंडीत गोचीड कुठून तगणार, असं पुष्कळांना वाटतं. तो तगतो. ‘इक्सोडीस युरी’ हा समुद्रपक्ष्यांचा गोचीड उत्तरेला नॉर्वे-आइसलँडच्या कड्यांवर आहे, तसाच दक्षिणेला अंटार्क्टिक द्वीपकल्पावरच्या पेंग्विनच्या वसाहतींतही आहे. उणे ३० अंशांपासून ४० अंश सेल्सिअसपर्यंतचं तापमान तो सोसू शकतो.

दुसरा समज आपल्या गोठ्यातून आलेला. गुरांवरचा एक नेहमीचा गोचीड अळीपासून प्रौढ होईपर्यंत एकाच जनावराला चिकटून राहतो. मग पक्ष्याचाही तसाच असेल, नाही का? इथे हिशेब उलटा आहे. हा गोचीड आयुष्यात तीनदाच रक्त पितो, अळी, पिल्लू आणि प्रौढ मादी असताना एकेकदा, आणि तेही जेमतेम आठवडाभर. नर तर जवळपास उपाशीच. पक्षी वर्षातले बरेच महिने समुद्रावर असतात, तेवढा काळ हा घरट्याजवळच्या कपारीत पडून असतो. आयुष्याचा फेरा पुरा व्हायला कितीतरी वर्षं जातात. पेंग्विनच्या वसाहतीच्या कडेचा एखादा चपटा दगड उलटला, की खाली अळ्या, पिल्लं, प्रौढ सगळे एकमेकांना बिलगून बसलेले दिसतात. घोळका केल्याने अंगातला ओलावा टिकतो, आणि त्यांच्याच विष्ठेतली रसायनं इतरांना तिथे ओढतात. शेजारचा दगड मात्र रिकामा असू शकतो. म्हणून वसाहतीत गोचीड सरसकट पसरलेले असतात, हेही खरं नाही.

पक्षी उडतात, तेव्हा गोचीड सगळीकडे मिसळत असणार, हा तर्क मला सर्वात फसवा वाटतो. एकाच कड्यावर किटीवेक आणि पफिन हे समुद्रपक्षी शेजारी घरटी करतात, तरी त्यांच्यावरचे गोचीड जनुकीयदृष्ट्या वेगळे निघाले. यजमान बदलला, की जणू गावच बदललं! उलट, या गोचिडांमधले लाइम रोगाशी संबंधित ‘बोरेलिया गारिनाय’ हे जिवाणू दोन्ही गोलार्धांत सारखे सापडले आहेत.

‘पक्ष्यांना गोचिडांचं काय होतं?’ असं म्हणणाऱ्यांनी दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांकडे पाहावं. तिथे गोचिडांनी लडबडलेले प्रौढ किंग पेंग्विन मेल्याची नोंद आहे.

आणि गोचिडांवर थंडीचा काहीच परिणाम होत नाही, असंही नाही. स्वालबार्डमधल्या गिलिमॉट पक्ष्यांच्या अभ्यासात हिवाळ्याचं सरासरी तापमान १ अंशाने वाढलं, की पुढच्या उन्हाळ्यात गोचीड लागलेल्या पक्ष्यांचं प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं.