ढेकूळ, बॅटरीचं पाणी आणि तीन विहिरी

नीरा डावा कालवा 1880च्या दशकात वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. पाठोपाठ सखल भागातल्या काळ्या जमिनींवर पांढरा खार फुटू लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी या जमिनींचा अभ्यास केला. 1910 साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानं तो पुस्तिकेच्या रूपात छापला. शंभरावर वर्षं उलटली, तरी खारवट आणि चोपण जमिनी या पट्ट्यातून गेलेल्या नाहीत.

इथल्या कॉलेजांत पृथ्वीविज्ञान शिकवायचं, तर सुरुवात याच जमिनींपासून व्हावी, असं मला ठामपणे वाटतं. पाठ्यपुस्तकात हिमनद्या असतात, घड्यांचे पर्वत असतात, चुनखडकातल्या गुहा असतात. नीरा आणि भीमेच्या मधल्या मुलुखात यातलं काहीच पाहायला मिळत नाही. इथं आहे बेसाल्ट, त्याचा मुरूम, त्यावरची काळी माती आणि या सगळ्यांतून फिरणारं पाणी. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरची मिळकत यांच्यावरच चालते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत, त्यामुळे वेळापत्रकात जागाही आहे.

पहिला प्रयोग बाकावर बसून होतो. मुलांनी आपापल्या रानातून मातीची ढेकळं आणायची: एक चांगल्या पिकाच्या जागेतलं, एक जिथं ऊस पिवळा पडून खुंटतो तिथलं. ती सावलीत वाळवायची. हरभऱ्याएवढा तुकडा काचेच्या ग्लासात अलगद सोडायचा आणि अजिबात ढवळायचं नाही. पाणी गॅरेजमध्ये मिळतं ते बॅटरीचं घ्यावं किंवा पावसाचं साठवलेलं. विहिरीच्या पाण्यात आधीच क्षार असतात, त्यानं निकाल बिघडतो.

दोन तासांत दोन ग्लास वेगळं बोलू लागतात. चांगल्या जमिनीचं ढेकूळ फुटून खाली बसतं, पण पाणी नितळ राहतं. चोपण मातीच्या तुकड्याभोवती मात्र दुधट ढग पसरतो आणि दुसऱ्या दिवशीही तो खाली बसत नाही. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋणभार असतो. कॅल्शियम त्या कणांना एकमेकांजवळ धरून ठेवतं. सोडियमला ते जमत नाही. त्याच्याभोवती पाणी जमतं आणि कण सुटे होतात. हेच सुटे कण शेतात मातीची छिद्रं बुजवतात. पाणी वर तुंबतं, मुळांना हवा मिळत नाही, वाळल्यावर जमीन दगडासारखी होते. आता त्या गढूळ ग्लासात चिमूटभर जिप्सम टाकून हलवायचं. कॅल्शियम मिळताच कण गोळा होऊन खाली बसू लागतात. जमिनीला जिप्सम का घालतात, याचं उत्तर मुलाला डोळ्यांनी दिसतं.

खरी गंमत तिसऱ्या ग्लासात आहे. खार फुटलेल्या रानातली माती टाकली, तर पुष्कळदा पाणी नितळच राहतं! मुलं गोंधळतात, आणि त्यांनी गोंधळावंच. भरपूर क्षार असले की सोडियम असूनही कण एकत्र राहतात. तीच माती बॅटरीच्या पाण्यानं तीन-चारदा धुऊन पाहिली की क्षार निघून जातात, सोडियम कणांना चिकटून राहतं आणि ढग उठतो. खारवट आणि चोपण यांतला फरक इथं कळतो. निचऱ्याची आणि जिप्समची सोय न करता खारवट रान नुसतं गोड्या पाण्यानं धुतलं, तर ते चोपण होऊ शकतं, हेही इथंच कळतं.

दुसरं प्रात्यक्षिक विहिरीवरचं. नवी विहीर खणली जात असेल तिथं जावं, आत मात्र कुणी उतरू नये. काठावरचा ढीग पुरे. आधी निघालेली काळी आणि मुरूम ढिगाच्या तळाशी, शेवटी निघालेला खडक वर. म्हणजे जमिनीतला क्रम इथं उलटा लागलेला. मुलांनी तो सुलटा करून वहीत काढायचा: काळी, चुनखडीचे खडे असलेला थर, मुरूम, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, कुठं गेरूसारखा तांबडा पट्टा, खाली घट्ट काळा पाषाण. चुनखडीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते. मांजऱ्यातले ठिपके म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातले वायूचे बुडबुडे, नंतर खनिजांनी भरलेले. तांबडा पट्टा दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात झिजलेल्या खडकाचा. पाणी कोणत्या थराला लागलं, हे विहीरमालकालाच विचारावं; तो उत्तर हात दाखवून देतो.

त्याच गावात त्रिकोणात येतील अशा तीन विहिरी निवडाव्यात. टेपनं काठापासून पाण्याची खोली मोजायची. काठांच्या उंचीतला फरक डिप्लोमा कॉलेजातल्या डंपी लेव्हलनं काढता येतो. ती नसेल तर गवंड्याच्या पाणनळीनं टप्प्याटप्प्यानं. मोजणीची वेळ थ्री फेज लाइट येण्याच्या आधीची हवी, कारण मोटारी चालू असल्या की पाणी खरी पातळी दाखवत नाही. काठाच्या उंचीतून पाण्याची खोली वजा केली की पाण्याची पातळी मिळते. आता कागदावर सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या पातळीच्या विहिरी रेषेनं जोडायच्या, त्या रेषेवर मधल्या विहिरीएवढी पातळी कुठं येईल तो बिंदू काढायचा आणि तो मधल्या विहिरीला जोडायचा. या रेषेला काटकोनात, उताराकडे, भूजल वाहतं. कालव्याला आवर्तन सुटल्यावर हीच मोजणी पुन्हा केली, तर कालव्याजवळच्या विहिरीची पातळी चढलेली सापडते का, हे तपासता येतं. खार का फुटला, त्याचं कारण तिथं आकड्यांत हाती लागतं: पाझरानं चढलेलं पाणी, ते उन्हानं उडणं, मागे उरणारे क्षार.

एक सहल मोरगावची असावी. मयूरेश्वराच्या दर्शनाला सगळेच जातात. त्याच गावाजवळ कऱ्हेच्या काठच्या थरांत ज्वालामुखीची राख आणि अश्मयुगीन दगडी हत्यारं मिळाली आहेत. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथं बरंच काम केलं. ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, की त्याहून कितीतरी जुनी, यावर अभ्यासकांत वाद झाला. काठाला कुदळ लावू नये, फक्त थरांची आकृती काढावी आणि दोन्ही बाजूंचे पुरावे वर्गात मांडून मुलांना भांडू द्यावं.

विहिरींच्या नोंदी एका तुकडीपुरत्या राहिल्या तर वाया जातील. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते: पावसाळ्यानंतर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेमध्ये. कॉलेजांतल्या विभागांनी तेच महिने धरावेत, विहिरी बदलू नयेत, रजिस्टर पुढच्या तुकडीकडे सोपवावं आणि दर मोजणीनंतर त्याची एक प्रत विहीरमालकाला आणि एक ग्रामपंचायतीला द्यावी.