जवसाची चटणी आणि अंगावरची चरबी

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा मुधोळचा मुलूख नांदेड जिल्ह्यातून निघून आदिलाबादला जोडला गेला. २०१४ साली तेलंगण राज्य आले, २०१६ साली मुधोळ नव्या निर्मल जिल्ह्यात गेले. येथील मराठी घरांतील जेवण मात्र दीर्घकाळ जुन्याच वळणाचे राहिले. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, मेथी, जवसाची चटणी आणि ताक. या ताटातील काही द्रव्ये पोटात गेलेला सर्वच स्निग्धांश अंगी लागू देत नाहीत, असे प्रयोगांती दिसून आले आहे. तशाच द्रव्यांचे अर्क आज डब्यांत भरून लठ्ठपणावरचा उतारा म्हणून महाग विकले जातात. तेव्हा ती काय करतात, आणि किती, हे नीट पाहिले पाहिजे.

तेल-तूप पाण्यात मिसळत नाही. पोटात गेल्यावर पित्त त्याचे बारीक कण करते, स्वादुपिंडातून येणारा लायपेज हा पाचक रस ते कण फोडतो आणि मग लहान आतडे ते शोषून घेते. आतडे मोठे काटकसरी! निरोगी माणसाने खाल्लेल्या स्निग्धांशापैकी शेकडा ९५ च्या आसपास भाग ते पदरात पाडून घेते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे शरीराला ९ कॅलरी मिळतात.

या कामात जवस अडथळा आणतो तो आपल्या चिकट्याने. जवस भिजवला की बोटांना बुळबुळीत लागते, तोच हा चिकटा. आतड्यात त्याचा दाट लगदा होतो; त्यात पित्त अडकते आणि स्निग्ध कणही. डेन्मार्कमध्ये झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जवसाचा हा तंतुमय भाग पेयातून व पावातून देण्यात आला, तेव्हा मलावाटे जाणारा स्निग्धांश वाढला. पावापेक्षा पेयातून अधिक.

मेथीचेही तेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मधुमेही रुग्णांना तेल काढलेल्या मेथीची पूड देऊन पाहण्यात आली. १९९० साली त्याचा वृत्तांत आला. रक्तातील साखर उतरली, कोलेस्टेरॉलही उतरले. पित्त अडकून बाहेर गेले की नवे पित्त घडविण्यासाठी यकृताला कोलेस्टेरॉल खर्ची घालावे लागते, हे त्याचे एक कारण. पण पूड किती? दिवसाला १०० ग्रॅम. फोडणीत पडणाऱ्या चिमूटभर दाण्यांकडून तेवढी अपेक्षा करणे व्यर्थ होय. शिवाय मधुमेहाचे औषध चालू असता मेथी फार खाल्ली तर साखर बेताहून खाली जाऊ शकते.

ताकाची गोष्ट निराळी. विहिरीच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, पांढरा साका मात्र बसतो. दुधाताकातील कॅल्शियम आतड्यात स्निग्धाम्लांशी मिळून असाच न विरघळणारा साबण करते आणि तो बाहेर पडतो. अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब २००९ साली मांडला गेला. रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरभर दुधाइतके, कॅल्शियम अधिक घेतले असता सुमारे ५ ग्रॅम स्निग्धांश जास्त बाहेर गेला. या झाल्या ४५ कॅलरी; अर्धी भाकरीही नव्हे.

शेंगदाण्याचा प्रकार तर गमतीचा आहे. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात असे आढळले, की अख्खे दाणे खाणाऱ्यांच्या पोटातून तेल बरेच वाया जाते, वाटलेल्या दाण्याचे त्याहून कमी, आणि घाण्यातून काढलेले तेल जवळजवळ सगळे जिरते. दाण्यातील तेल पेशींच्या भिंतींआड असते आणि दातांनी त्या सगळ्या फुटत नाहीत.

लायपेजलाच जखडून टाकणारे प्रभावी औषध म्हणजे ऑर्लिस्टॅट. मातीतील एका सूक्ष्म जीवाने निर्माण केलेल्या द्रव्यावरून ते तयार झाले. त्याने शेकडा ३० च्या आसपास स्निग्धांश अडतो. पण तेलकट जुलाब होतात आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही त्याबरोबर वाहून जातात. म्हणून ते वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये. चहातील तुरट द्रव्येही परीक्षानळीत लायपेजला रोखतात, माणसाच्या पोटात फारशी नाही. कोकमाच्या भाऊबंदांपैकी मलबारी फळाच्या सालीच्या गोळ्या खपतात, त्यांचा तर शोषणाशी संबंधच नाही. त्यातील आम्ल शरीरात नवी चरबी घडण्याच्या क्रियेवर काम करते, असे म्हणतात. वजनात पडलेला फरक नगण्य ठरला. या गोळ्यांनी व हिरव्या चहाच्या तीव्र अर्कांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. सोलकढीला याची बाधा नाही.

आंध्र प्रदेशात १९८३ साली दोन रुपये किलोचा तांदूळ सुरू झाला आणि शिधापत्रिकेवरचा भात मुधोळच्या ताटात स्थिरावला. त्याने पुष्कळ घरांची उपासमार टळली, हे विसरता येत नाही. एप्रिल २०२५ पासून तेलंगणात शिधापत्रिकेवर बारीक तांदूळ फुकट मिळू लागला. तिकडे शिवारात ज्वारीची जागा सोयाबीन आणि कापसाने घेतली. भाकरी मागे पडली की तिच्या कडेची जवसाची चटणीही मागे पडते, कारण भातावर ती कोणी घेत नाही.